दोन ड्रेसिंग

सोमवारपासून आमच्या खोलीत ड्रेसिंग दोन.
एक दादांच्या पायाच्या अंगठ्याला, सकाळी आठला:
कापूस, सलाईन, पिवळं मलम, चिकटपट्टी.
दुसरं काकडीला.

"काकडीला काय लागलं?" दादांनी विचारलं
आणि स्वतःच हसले,
काळाचौकीच्या तिसऱ्या मजल्यावरून
खालच्या इस्त्रीवाल्यानं मान वर करावी इतकं.

डाएटवाल्या बाईंनी कागद दिलाय.
भात अर्धी वाटी. बटाटा नाही.
जेवणाआधी कच्चं खा, भरपूर.
साखरेपुढे काहीच लिहिलेलं नाही,
नुसती पेनानं दोनदा ओढलेली रेघ.

आणि हा माणूस चाळीस वर्षं
गिरगावातल्या दुकानाच्या मागच्या भट्टीवर
पाकाचा माणूस होता.
थर्मामीटर नाही, घड्याळ नाही.
झाऱ्यावरचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा,
तर्जनी टेकवायची, उचलायची.
लाडवाला एक तार. चिरोट्याला जरा पक्का.
"सावळाराम, बघ रे," म्हणायचे शेठ,
आणि सगळी भट्टी ह्या दोन बोटांकडे बघत थांबायची.

पायाच्या अंगठ्याला मात्र काही कळत नाही आता.
चपलेत खिळा वर आला होता,
घोडपदेवपर्यंत जाऊन आले त्यावर.
रक्त मी पाहिलं, लादीवर.

तर, पाच मिनिटांचं काम.
लोणच्याची रिकामी बरणी, वास न गेलेली.
तिळाचं तेल तीन चमचे, अर्धं लिंबू,
मोहरी फेसून, लसणीची एक पाकळी ठेचून, मीठ.
लिंबू पिळताना बोटावरची चीर झोंबली,
मी स्स् केलं.
"झोंबतंय?" दादा म्हणाले. "बरंय."

मग हात आपसूक फडताळाकडे गेला,
डावीकडच्या डब्याकडे.
कोशिंबिरीत चिमूटभर घालतोच ना आपण,
त्याला कोण साखर म्हणतं.
डबा तिथे नव्हता.
रविवारी मीच तो घोसाळकरांकडे दिला,
मुंग्यांसकट.

झाकण लावून बरणी हलवली. खळाखळा,
कोपर दुखेपर्यंत.
दादा खुर्ची सरकवून जवळ आले.
चमचा नको म्हणाले.
बरणीतला थेंब अंगठ्यावर घेतला,
तर्जनी टेकवली, उचलली,
खिडकीच्या उजेडात धरली.

"तार नाही."
"येणारच नाही, दादा. तेल आणि लिंबू आहे ते."
"मग काकडीवर बसणार कसं? घसरून जाईल सगळं."
बोटं लुंगीला न पुसता
ते बराच वेळ बरणीकडे बघत राहिले.
तेल वर, लिंबू खाली, व्हायला लागलंच होतं.
"तीळ आहेत?"

मूठभर तीळ. तवा त्यांनीच ठेवला,
आच त्यांनीच उतरवली.
तडतडले तसे खलात टाकून
तेल सुटेपर्यंत कुटले,
हातात अजून ती जुनी भट्टी असल्यासारखे.
मग बरणी, मग पुन्हा खळाखळा,
पुन्हा अंगठा.

"धरतंय," म्हणाले.
तार नाही म्हणाले, पण धरतंय.

अख्खी काकडी खाल्ली, वर कोबी, वर
"मुळा नाही आणलास?"

संध्याकाळी पट्टी ओली झालेली, बदलायला बसले.
"दुखलं तर सांगा," मी म्हणते दरवेळी.
दरवेळी ते नाही म्हणतात.
मी खाली त्या मुक्या अंगठ्याभोवती कापूस गुंडाळत होते
आणि वर, खुर्चीच्या हातावर,
दुसरा अंगठा तर्जनीला टेकत होता,
सुटत होता,
टेकत होता.
तिळाचा वास येत होता बोटांना.