विनाथांबा

डॉक्टर पटवेकरांनी कागदावर आकडा लिहिला,
त्याच्याभोवती दोनदा गोल केला,
म्हणाल्या, रोज पाऊण तास, घाम येईपर्यंत.
मी बसून असते, डॉक्टर, आठ-आठ तास,
सातारा स्टँडवर, काचेमागे, माईकपुढे.
घाम येतो तो दिवाळीच्या गर्दीला, तोही फक्त तळहातांना.

एकवीस वर्षं.
मेढा, कोरेगाव, वडूज, दहिवडी,
स्वारगेट विनाथांबा फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे.
घरी भात लावतानाही तोच सूर निघतो.
शेजारची पोरं जिन्यातून ओरडतात,
कुकर गॅसवर लागलेला आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी!

म्हणून ठरवलं,
अजिंक्यतारा चढायचा तर कानात दुसरं कुणीतरी हवं.
माझ्याशिवाय कुणीही चालेल.

फोन नको.
फोनमध्ये सगळे राहतात,
डेपो मॅनेजर, गॅसवाला, धाकटी जाऊ.
जाऊबाईला माझी धाप ऐकू गेली तर
वाटायचं रडतेय,
आणि दुपारपर्यंत ते कराडला पोचायचं.

खण आळीत यासीन बागवाननं काचेवर पाच मांडले.
एकाला बटणच नव्हतं, नुसतं बोट फिरवायचं.
त्याच्याच ग्लासात बोट बुडवून फिरवलं,
यंत्र मख्ख.
घाम म्हणजे तरी दुसरं काय, यासीन?
एक दंडाला बांधायचा.
बांधला, आणि उगीच वाटलं
आता कुणीतरी रक्तदाब सांगेल.
एक इतका देखणा, गुळगुळीत,
पण ठेवू कुठे? माझ्या ड्रेसला खिसा नाही.
शिंप्याला दर वेळी सांगते,
तो दर वेळी मान डोलावतो.

यात आठ हजार गाणी मावतात, ताई.
मला अकरा आवडतात.
तो हसला नाही. खाली वाकला,
आणि मागच्या खोक्यातून काढला हा,
झिजत आलेल्या साबणाच्या वडीएवढा,
पाठीला चिमटा, दोरीवरच्या कपड्यांना असतो तसा,
बटणं उंचवट्याची,
न बघता अंगठ्याला कळणारी.
तळहातावर तोलला. दोन कंदी पेढे, फार तर.

मग मी गळ्याशी चिमटा लावला, कानात बोंडं घातली
आणि दुकानात चार उड्या मारल्या.
चव्वेचाळिसाव्या वर्षी, भर बाजारात.
चार्जर घ्यायला आलेला एक मुलगा
चार्जर विसरून बघत राहिला.
एक बोंड पडलं. यासीननं लहान रबर बसवलं.
पुन्हा चार.
टिकलं.

साडेअठराशेचा सतराशेला दिला त्यानं,
कारण त्याच्या आजीसाठी एकदा
मी वडूज गाडी तीन मिनिटं थांबवली होती, माईकवरून,
नियमाबाहेर.
मला आठवत नाही. त्याला आठवतं.

अकरा गाणी भाच्यानं, इंद्रजितनं भरली.
बारावं त्यानं मनानं घातलं,
त्यात फक्त ढोल आहे, शब्दच नाहीत.
चढाला तेच बरं पडतं.
कुणी काही सांगत नाही,
कुठे थांबायचं, कुठून सुटायचं.

आज पाचवा दिवस.
दुसऱ्या वळणावर दम खायला बसले, ढोल थांबवला.
खाली सातारा अजून दिव्यांत,
धुकं असं की स्टँड नुसता अंदाजानं ओळखायचा.
आणि तिथून, इतक्या लांबून, वाऱ्याबरोबर तुटत तुटत
शेडग्यांचा आवाज,
कोरेगाव... फलाट क्रमांक सहा...

सहा नाही हो, चार!
मी बोलून गेले. मोठ्यानं. पूर्ण सुरात.
पोलीस भरतीची दोन पोरं धावत वर निघाली होती,
ती जागच्या जागी थबकली,
एकानं तर मागे वळून बघितलं, गाडी आहे का.

अंगठ्यानं बटण शोधलं,
न बघता.