रात्रपाळी

शाळेचं बॉयलरघर माझ्याकडे आहे.
एकोणीस हिवाळे, रात्री दहा ते सकाळी सहा.
फावडं, कोळशाचा ढीग
आणि आ वासून बसलेली भट्टी.
बाहेर उणे एक्कावन्न.
थुंकलं तर खाली पडायच्या आत कडकडतं.
अशा थंडीत कोळशाला नावं ठेवणारं माणूस
अख्ख्या याकुतियात मला एकच भेटलं,
आणि ते माझ्याच घरात जेवतं.

कुन्नेई सातवीत आहे.
ऑक्टोबरात तळं धरलं तेव्हा
बर्फात पांढरे बुडबुडे अडकून राहिले,
ताटल्यांच्या चवडीसारखे, एकाखाली एक.
हिनं सळईनं भोक पाडलं, काडी ओढली.
भक्कन पुरुषभर ज्वाळा.
डावी भुवई गेली.
घरी आली ती हसतच,
म्हणाली, बाबा, मॅमथचं चरायचं राहून गेलेलं गवत
आज मी पेटवलं.

हजारो वर्षं गोठून पडलेलं गवत.
आता जमीन सुटतेय, ते कुजतंय,
तळ्याच्या तळातून ढेकर देतंय.

मग तिनं मला समजावलं,
कोळशाच्या ढिगावर बसून, पाय हलवत:
उजेड येतो तेव्हा हे वायू विचारत नाहीत
कोण तू, कुठला.
जमीन त्याची ऊब करून परत धाडते
तेव्हा मात्र वाट अडवतात,
बरीचशी माघारी पाठवतात.
मी म्हटलं, चांगलंय की.
या मुलखात ऊब कुणाला जड झाली?
ती म्हणाली, हे वायूच नसते ना,
तर पृथ्वीभर आपल्यासारखाच गारठा असता.
मग?
मग त्यात तुमची भर, बाबा. रात्रीला दोन टन.

मी काही बोललो नाही. फावडं भरलं.

वडिलांनी खणलेलं बुलूस आहे मागच्या अंगाला,
गोठलेल्या मातीतलं तळघर.
भर उन्हाळ्यात मासा त्यात दगड होऊन राहायचा.
परवाच्या जुलैत झाकण उचललं
तर माझ्याआधी वासच वर आला.
मासा कुत्र्यांनाही घातला नाही.
खाली घोटाभर पाणी,
त्यात माझ्या टॉर्चचा गोळा हलत होता.

पायाखालची जमीन सरकली, असं बोलतात माणसं.
आमच्याकडे ते बोलणं उरलं नाही,
सर्व्हेच्या वहीत ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं.
वहीवाला पोरगा गावरील, शहरातून आलेला, नाक सोललेलं.
शाळेखाली भोक पाडून त्यानं तापमापी सोडली,
आकडा वाचला, आणि पुन्हा वाचला.
बॉयलरघराच्या भिंतीला तडा आहे
त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली.
म्हणाला, इनोकेंती काका, लक्ष ठेवा.
जमीन हलली की काच तडकेल.
मी विचारलं, आणि तडकली तर?
म्हणाला, मला फोन करा.

तेव्हापासून रात्री रेडिओ लावत नाही.

बेचाळीस पोरं येतात सकाळी.
भट्टी विझू दिली तर तीन तासांत पाइप फुटतील,
सहाव्या तासाला शाईची बाटली.
पेटती ठेवली तर काय होईल
ते कुन्नेईला विचारा, ती वर्षांत सांगते.
मला तासांचाच हिशेब येतो.

पहाटे राख टाकायला बाहेर निघतो.
वारा नाही. धुराड्यातून धूर सरळ चढतो,
काठी रोवल्यासारखा,
आणि टेकडीच्या उंचीला जाऊन आडवा होतो.
सगळ्या धुराड्यांचा मिळून एक थर,
खाली गाव झोपलेलं.
बघायला बरं वाटतं, हे खोटं कशाला सांगू?

काल साडेतीनला टक् झालं.
कोळशातही असा आवाज होतो,
ओला खडा आगीत पडला की.
फावडं हातात तसंच धरून उभा राहिलो.
दिवा भिंतीपासून सहा पावलांवर होता.
भट्टीचा काटा उतरायला लागला होता.

आधी कोळसा टाकला.