उताऱ्याचं मोजमाप

मी फीत सोडतो. दुसरं टोक दिगंबर खडपे धरतात
मिठाने चावलेल्या बोटांत.
खडपे उतारा, जैतापूर धक्का. लांबी बावन्न फूट.
रुंदी... थांबा,
रुंदी खाली एक, माडीवर दुसरी.

माडी हातभर बाहेर झुकते गलबताच्या काठासारखी,
कारण दाऊद होडेकराने जन्मभर पडाव बांधले
आणि म्हातारपणी हे एकच घर.
ऐनाचे खांब, किंजळाच्या तुळया,
कोनाकोनांत तिरपे धिरे.
लोखंडाचा खिळा नाही, सगळ्या फणसाच्या खुंट्या.
चौकटींत जांभा चिरा,
नुसता भरलेला, त्याच्यावर भार कसलाच नाही.
सांध्यासांध्यावर पटाशीच्या खुणा:
मासा माशात, चंद्र चंद्रात,
तीन रेघा तीन रेघांत,
अक्षर न येणाऱ्या गड्यांनाही जुळवता यावं म्हणून.

जुनी वही काढतात. वाळवीने समास खाल्लाय,
मजकूर सोडलाय.
आगबोट चुकलेले, बावटा चढला म्हणून अडकलेले,
दोन सुईणी, एक पेटीवाला,
मॅट्रिक नापास होऊन परत निघालेला कुणी मुलगा.
माणशी दोन आणे, पेज धरून.
मुलाच्या नावापुढे आकडाच नाही.

मग पुराची रात्र. साल आठवत नाही,
म्हैस तिसऱ्यांदा व्याली होती एवढं नक्की.
खाडी उंबरा चढली तेव्हा
चिरे सुटत गेले दुधाच्या दातांसारखे
आणि पाणी घरातून आरपार निघून गेलं.
अकरा उतारू तुळयांवर बसून होते
कोंबड्यांशेजारी.
"चिरे गेले तर जांवदेत," दिगंबर म्हणतात, "हाडां ऱ्हवली."

ओहोटीला चिखलातून वेचून, धुऊन
सगळे परत बसवले. एक सापडला नाही.
खाडीकडच्या भिंतीत ती चौकट अजून उघडी.
मी 'खिडकी' लिहितो.
खिडकी नको लिहूस, म्हणतात.
मग काय लिहू?
विचार करतात. फीत ढिली पडते, पुळणीवर
कुणीतरी होडीला डांबर लावतंय, वास इथवर येतो.

ओळंबा सांगतो: नऊ इंच, खाडीकडे.
'स्थिती'च्या रकान्यात पर्याय दोनच,
आणि माझं पेन वर धरलेलं.
जिन्याखाली एका सांध्यात
चंद्राच्या खोबणीत मासा बसलाय.
होडेकर चुकला असेल, मी म्हणतो.
दिगंबर खुंटीवर अंगठा दाबतात,
मग माझा हात धरून माझाही.