मालकाचा रकाना

सोहारला ऑगस्टात दाराबाहेर पाऊल टाकलं
की आधी चष्म्यावर वाफ धरते, मग गाव दिसतं.
आत, सर्व्हर रूममध्ये, एकवीस अंश.
शाल गुंडाळून मी पुस्तिका लिहिते आहे
आमच्या खाजगी क्लाउडची,
माझ्यामागून येईल त्याच्यासाठी.
ढग हा शब्द इथे कुणी मनावर घेत नाही.
वर्षातून दोनदा येतो, तोही रिकाम्या हातानं.

पुस्तिकेत ‘मी’ चालत नाही.
नुसती आज्ञार्थी क्रियापदं: उघडा, निवडा, थांबा, तपासा.
आत्याच्या विणकामाच्या वहीत तरी असायचं,
दोन सुलट, एक उलट,
चुकलं तर उसवा, रडू नका.

प्रकरण दोन. यजमान आणि पाहुणे.
एका लोखंडी यजमानाच्या पोटात चाळीस यंत्रं,
प्रत्येकाला वाटतं, घर आपलंच.
देखभालीच्या वेळी पाहुण्याला न उठवता
खाटेसकट शेजारच्या घरी न्यायचं.
शंभरदा केलंय,
तरी पट्टी नव्व्याण्णवला अडकली की श्वास धरते.

प्रकरण चार. आहे त्याहून जास्त मेमरी वाटणे.
उदाहरण दिलं सनाइयातल्या खोलीचं:
खाटा सहा, माणसं बारा,
दिवसपाळी उठते तेव्हा रात्रपाळी टेकते,
गादी कधी गार होत नाही.
निभतं. फक्त ईदला सगळे एकदम खोलीवर असतात,
तेव्हाचं गणित आधी करून ठेवा.
सुलेमान साहेबांनी वाचलं, हसले नाहीत,
लाल शाईत लिहिलं, उदाहरण बदला.
बदललं. हॉटेल घातलं.
हॉटेल कुणाला खटकत नाही.

प्रकरण नऊ. बेवारस यंत्रं.
नियम मीच केला: मालकाचा रकाना रिकामा असेल
तर यंत्र बंद करा. तीस दिवस वाट पाहा.
कुणी ओरडलं नाही तर पुसून टाका.
यादीत एकच निघालं, ‘कुरियाकोस-चाचणी-२’.
नऊ वर्षांपूर्वीचं. मेमरी दोन जीबी.
कुरियाकोस कोण, ते एचआरलाही धड आठवेना.
कोट्टयमला गेला म्हणे, कायमचा.
मी बटण दाबलं. मंगळवार होता.

गुरुवारी चार नंबर गेटवरून फोन.
झरगुल, रात्रीचा पहारेकरी. बारा वर्षांत
त्यानं आयटीला कधी फोन केला नव्हता.
‘मॅडम, पानी का टाइम बंद हो गया.’
मला वाटलं टाकी.
टाकी नव्हे, समुद्र.

गेटच्या केबिनमध्ये एक जुना स्क्रीन,
त्यावर एवढंच: भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता.
ड्यूटी सुटली की धक्क्यामागच्या दगडांवर
सात-आठ जण गळ टाकून बसतात,
स्मेल्टरमधला एक नेपाळी, दोन क्रेनवाले, झरगुल.
सुरमई लागली तर मेसची डाळ चुकते.
कुरियाकोसनं हे रमजानातल्या एका रात्रीत करून दिलेलं
आणि कुणाला सांगितलं नव्हतं,
कारण कुणी विचारलं नव्हतं.

यंत्र चालू केलं. चाळीस सेकंद.
फोनवर झरगुल स्वतःशीच वाचत होता,
पाच बारा, पाच बारा,
जसं काही मी तिथे नव्हतेच.

मालकाच्या रकान्यात लिहिलं: झरगुल, गेट चार.
सिस्टिमनं कर्मचारी क्रमांक मागितला.
तो ठेकेदाराचा माणूस, त्याला क्रमांक नाही.
माझा टाकला.
माझा डिसेंबरात संपतो.

म्हणून प्रकरण नऊमध्ये एक ओळ वाढवली आहे:
‘तीस दिवस वाट पाहताना
एकदा संध्याकाळी गेटपर्यंत चालत जा.
चष्मा पुसायला थांबा. मग विचारा.’

साहेब लाल पेन शोधताहेत.
ते माझ्या शालीखाली आहे.