चाळणी

खिडकीतला पोरगा म्हणाला, ज्येष्ठांना अर्धं तिकीट.
पप्पांनी पूर्ण दिलं.
"तेवीस वर्षं इथून पगार नेला,
थोडा परत घे."

तेव्हा छप्पर नव्हतं इथे.
खतासाठी फॉस्फेट निघायचं,
आणि डाविड कॉर्डम, म्हणजे माझे पप्पा,
कॅबिनमध्ये बसून
घराएवढ्या बादलीने टेकडी उचलायचे.

आता पायवाट, कठडा, खाली मंद दिवे.
आणि हाडं.
पुराने आणून टाकलेल्या सरपणासारखी, एकात एक.
गाईड सांगतो, आखूड मानेचा जिराफ.
पन्नास लाख वर्षं. इथे नदी होती,
अस्वलं होती,
बेडूक तर मोजायचे कुणी.
जिराफाचं नाव शिवावरून ठेवलंय.
"हा कोण?"
भारतातला देव. याचे भाऊबंद आधी तिकडे सापडले, डोंगरात.
पप्पा मान हलवतात,
लांबचा पाहुणा ओळखीचा निघावा तशी.

मग कठड्याशीच बोलल्यासारखे म्हणतात,
"आवाज यायचा.
माती भुसभुशीत पडते. मध्येच एखादा कडक,
वाळलेली फांदी मोडावी तसा.
फोरमन म्हणायचा, चालू ठेव.
मी चालू ठेवलं."

दिवसाला किती ट्रक? गाईड विचारतो.
पप्पा आकडा सांगतात.
तो लिहून घेत नाही.

मी मात्र गुणाकार करत बसते.
दळलं, पोत्यांत भरलं,
माल्म्सबरीच्या गव्हाखाली पसरलं.
म्हणजे आखूड मानेचा जिराफ
माझ्या शाळेच्या डब्यात होता,
जर्दाळूचा जॅम लावलेला.
उरलेला पप्पांच्या छातीत आहे,
रात्री खोकल्याबरोबर जागा होतो.

बाहेर मंडपात फ्रेडेनबर्गच्या शाळेची मुलं
वाळू चाळतायत.
पप्पाही एक चाळणी मागून घेतात.
स्टूल बुटकं, गुडघे हनुवटीला.
त्यांचा हात कोटाच्या खिशात जातो
आणि मला कळतं तिथे काय आहे:
आईच्या बटणांच्या डब्यातला तो काळा दात,
अंगठ्याएवढा,
चौतीस वर्षं बटणांत बटण होऊन राहिलेला.

हात बाहेर येतो. ढिगात शिरतो.
रिकामा परततो.

"मला सापडला!"
पुढचे दोन दात पडलेली एक पोरगी ओरडते.
गाईड भिंग काढतो. कपाळाला आठ्या.
हा या थरातला नाही, म्हणतो,
आणि इतका गुळगुळीत कसा?
मान वर करून आमच्याकडे बघतो.

पप्पा चाळणी हलवतायत,
खाली वाकून, फार मन लावून.
चाळणीत काही नाही.