चारशे बारा, चारशे तेरा

मतदान परवा, भाऊबीज आज.
खाली रामबागेतून भोंगा लावलेली रिक्षा तिसऱ्यांदा गेली
आणि बासुंदीची वाटी तोंडाला लावलेला श्रीरंग
थांबला.
मला वाटलं, वेलची दाताखाली आली.

'तुम्ही लोक,' तो म्हणाला.

पुढचं आठवत नाही. म्हणजे आठवतं:
रस्ते, पाणी, कुणाच्या काळात काय नव्हतं,
मृणालनं मध्येच सरकवलेली शेवेची बरणी
(आमच्या इंदूरला भांडणावरही शेव घालतात),
इराचं ताट उचलून आत जाणं.
मीही काही कमी नाही.
'मोबाइलवर शिकलास तू सगळं,' म्हणाले,
त्याच्या नव्या जावयासमोर.

पण ते सगळं रिक्षातही होतं.
'तुम्ही लोक' तेवढं माझ्या पानात पडलं,
मिठाच्या शेजारी.
मी कधी झाले लोक?
पहाटे बाबांच्या मिलचा भोंगा झाला
की घाबरून माझी वेणी मुठीत धरायचास,
तेव्हा मी किती जण होते?

तरी पाट मांडला.
टोपी नाही, म्हणून डोक्यावर हातरुमाल.
सुपारी, अंगठी, निरांजन.
कपाळाला बोट लावायचं तर
जवळ जावंच लागतं,
आणि इतक्या जवळून माणसाचा पक्ष दिसत नाही.
हनुवटीखाली दाढी करताना राहिलेला
एक पांढरा केस दिसतो.

एक गोष्ट त्याला सांगितलेली नाही.
एप्रिलच्या उन्हात यादीवाल्या बाई आल्या होत्या,
अंगणवाडीच्या, रजिस्टर डोक्यावर धरून.
'चारशे बारा तुम्ही. चारशे तेरा
अजून इथेच राहतात का?'
देवासला घर बांधून त्याला अकरा वर्षं झाली.
'नाही' म्हटलं असतं
तर माझं मत आयुष्यात पहिल्यांदा
एकटं उभं राहिलं असतं.
दर खेपेला येतो, माझ्यामागे रांगेत उभा राहतो,
आणि मी टाकलेलं नीट खोडून जातो.
आम्ही दोघं मिळून शून्य.

'राहतो की,' मी म्हणाले. 'बाजारात गेलाय.
चाय घेणार?'

ओवाळलं. त्यानं तबकात पाकीट ठेवलं,
वरचा रुपया घरंगळून पाटाखाली गेला.
तो वाकून शोधत राहिला, जरा जास्तच वेळ.
'तुम्ही लोक' बद्दल काही बोलला नाही.
मोबाइलबद्दल मीही नाही.
मग खालूनच:
'परवा किती वाजता?'
'सातला. नंतर पोह्यांना गर्दी होते.'
'माझ्यावर जीरावन जास्त घालायला सांग.'

'तोंड आहे ना तुला,' मी म्हणाले.
'तूच सांग.'