लाभ

अमळनेरच्या मार्केट यार्डात
दादर मोजताना हिलाल आप्पा
कधीच 'एक' म्हणाले नाहीत.
पहिलं माप उलटं करताना म्हणायचे – लाभ.
मग दोन, तीन, चार,
धुळीतून सरळ.

मी पावत्या फाडणारा.
माझ्या रकान्यात एकचा आकडा.
'लाभ कोणाचा आप्पा, घेणाऱ्याचा का देणाऱ्याचा?'
रुमालानं मान पुसत ते म्हणाले,
'जो ऐकी त्याना.'

पुढे काटा आला, लाल आकड्यांचा.
मोजणाऱ्याचं तोंड बंद झालं.
आप्पा पायरीवर बसून राहत,
पहिलं पोतं चढलं की ओठ हलत.
हमाल हसायचे.
मीही हसलो असेन.

मग त्यांची लेक सातव्या महिन्यातच अडली.
रात्री मोटरसायकलवर मागे बसवून
धुळ्याच्या सिव्हिलला नेलं त्यांना.
काचेपलीकडे नर्सनं काट्यावर पोर ठेवली,
कणसाएवढी.
'एक किलो शंभर,' ती म्हणाली,
वहीत लिहून पेनाला टोपण लावलं.

आप्पांनी टोपी काढली.
काचेला कपाळ टेकवून
हळूच दुरुस्त केलं:
'लाभ किलो शंभर.'

'काय म्हणतात बाबा?' नर्सनं मला विचारलं.
मोजायची रीत आहे आमच्याकडची,
असं सांगणार होतो.
घसा आला नाही कामाला.

सकाळी यार्डात पहिल्या पावतीवर पेन अडलं.
रकाना तेवढाच अरुंद.
दोनच अक्षरं, बसली.

अडत्या म्हणाला, हे काय लिहिलं?
दादर, म्हटलं.
पहिलं पोतं.